ब्रेकबाईचं बुकिंग

एकतीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की हिचा पाय खाली जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. म्हणून तिचं नाव पडलं ब्रेकबाई. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे ब्रेकबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि कशाचाच राग नव्हता. दाताची डॉक्टरीण, बँकेतला कॅशियर, शाळेतले दोन मास्तर, निम्म्या शहराला तिनंच रस्त्यावर आणलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खांबापासून वाचवलं होतं.

नवरा तिचा पहिला विद्यार्थी. पोस्टात होता, आता निवृत्त. तीनदा नापास झाला, चौथ्यांदा पास झाला आणि मग लग्नाचं विचारलं. "आधी विचारलं असतं तर वशिला लावला असं म्हणाले असते लोक," असं तो अजून सांगतो.

शिकवायची तिची पद्धत साधी होती. पहिल्याच दिवशी ती सांगायची, "हात नंतर बघू. आधी डोळे. खांबाकडे बघत बसलात की खांबावरच जाणार. गाडी नजरेच्या मागे जाते." शेजारी बसून ती रस्त्यापेक्षा शिकणाऱ्याचे डोळेच जास्त बघायची. चुकीच्या गल्लीकडे नजर वळली की स्टिअरिंग वळायच्या आधीच हिचा पाय ब्रेकवर. क्लच सुटताना दर वेळी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची, ते मात्र कुणाला कधी कळलं नाही.

पण स्टिअरिंग सगळा जन्म दुसऱ्याच्या हातात. शाळेची गाडी, पुढं लाल पाटी, वेग चाळीसच्या आत. स्वतः चालवायची ती फक्त संध्याकाळी, गाडी अंगणातून शेडमध्ये लावताना, आणि ते अंतर होतं बारा पावलं.

मागच्या वर्षी डावा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं, "दोन वर्षं. फार तर अडीच. मग क्लच विसरा, ऑटोमॅटिक चालवा." त्याच महिन्यात पेपरात आलं की अमुक कंपनीची नवी स्पोर्ट्स कार येतेय, आणि पायानं क्लच दाबून हातानं गिअर टाकायची ही त्यांची शेवटची गाडी, यापुढं सगळ्या ऑटोमॅटिक. तिनं ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. आठ दिवसांनी तिनं स्वतःची ड्रायव्हिंगची शाळा एका जुन्या विद्यार्थिनीला विकली, नाव, अंगण आणि एक गाडी धरून. दुसरी जुनी गाडी घरी ठेवली. म्हातारपणाचं बाजूला काढून हातात राहिले पस्तीस लाख.

"ऑटोमॅटिक घे ना आई, पाय तरी वाचेल," मुलगी फोनवर म्हणाली.

"पाय वाचवून काय करू? लोणचं घालू?" असं म्हणून ब्रेकबाईनं फोन ठेवला.

आणि आता ती शोरूममध्ये बसली होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

गाडी तिथं नव्हतीच. अजून तयार व्हायची होती. भिंतभर तिचा फोटो होता, टेबलावर रंगांच्या चकत्यांची पेटी होती आणि गिअरच्या दांड्यावर बसतो तो स्टीलचा गोळा नमुन्याला ठेवला होता. वर एक ते सहा आकडे कोरलेले. नवऱ्यानं तो उचलून वजन बघितलं आणि परत ठेवला. तिनं हात लावला नाही.

"म्हैस पाण्यात आणि आपण शिंगं मोजतोय," नवरा हळूच म्हणाला.

सेल्समन चाळिशीचा होता, घाऱ्या डोळ्यांचा, बोलण्यात लोण्यासारखा. "मॅडम, मॅन्युअल गाड्या आमच्या वाट्याला दोनच. एक गेली. दुसरीचं बुकिंग आज सहाला बंद होतंय."

"किंमत?"

"छत्तीस लाख. त्यावर रेसिंग पॅकेज साडेचार. खास सीट, मोठी चाकं, लाल शिलाई, बारा स्पीकर."

"बारा?" नवरा म्हणाला. "आमच्या घरात बोलणारं एकच माणूस आहे, तेच पुरतं."

"पॅकेज नको," ब्रेकबाई म्हणाली.

"मॅन्युअल पॅकेजशिवाय येत नाही, मॅडम. कंपनीचा नियम." असं म्हणताना त्याची नजर क्षणभर उजवीकडच्या काचेच्या केबिनकडे गेली. आत मॅनेजर काहीतरी लिहीत होता. त्याच्यामागे पांढरा फळा होता, त्यावर निळ्या शाईनं तीन ओळी.

"आणि खरं सांगू का," सेल्समन पुढं झुकला, "सकाळीच एका सर्जनसाहेबांचा फोन आला होता. ते पॅकेजसकट घ्यायला तयार आहेत. तुम्ही आधी आलात म्हणून मी थांबवलंय त्यांना."

या वेळी त्यानं फोनकडे पाहिलं नाही, केबिनकडेही नाही. पाहिलं ते तिच्या मांडीवरच्या पर्सकडे.

सर्जन नाहीच, हे ब्रेकबाईला कळलं. पण पॅकेजची गोष्ट आतून आली होती, हेही कळलं.

"पॅकेजचा नियम कंपनीचा नाही. त्या केबिनचा आहे," ती म्हणाली. "त्यांनाच बोलवा. आणि सर्जनला फोन करून सांगा, घ्या म्हणावं. नंबर असेलच तुमच्याकडे."

सेल्समनचे कान लाल झाले. तो उठून आत गेला.

मॅनेजर बाहेर आला. जाडसर, शांत माणूस. बसला, खिशातलं पेन काढून टेबलाच्या कडेला सरळ रेषेत ठेवलं. "मॅडम, नियम माझाच आहे. गाड्या दोन आणि घेणारे दहा, तर मी पॅकेज का सोडू?"

तिला हे उत्तर आवडलं. निदान खरं होतं.

"रंग साधा द्या. सीट कापडी द्या. स्पीकर काढून तुमच्या घरी लावा. मला तीन पेडल आणि हा दांडा हवाय. पस्तीस."

"छत्तीसची गाडी पस्तीसला, आणि वर पॅकेज नाही?" मॅनेजर हसला नाही. "शेवटचं सांगतो. पॅकेजसकट एकोणचाळीस. याच्या खाली मी येणार नाही, कारण तुम्ही उठून जाणार नाही."

"कशावरून?"

"आल्यापासून चार वेळा तुम्ही या गोळ्याकडे पाहिलंत. घेणारं माणूस मला नजरेवरून कळतं."

टेबलाखाली तिचा उजवा पाय जमिनीत रुतला. तिथं ब्रेक नव्हता. नवऱ्यानं ते पाहिलं. जे एकतीस वर्षं ती दुसऱ्यांचं वाचत आली, ते कुणीतरी तिचंच वाचलं होतं. खांबाकडे बघू नका, असं हजारांना सांगितलं आणि स्वतः मात्र खांबाकडेच बघत बसली.

तिनं खुर्ची थोडी वळवली आणि पाठ गोळ्याकडे केली. "फॉर्म दाखवा."

विद्यार्थ्यांचे लायसन्सचे फॉर्म तपासून तपासून तिला बारीक अक्षर आधी वाचायची खोड लागली होती. पुढच्या पानावर सगळं गोड होतं. मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. एक, गाडी अंदाजे चौदा महिन्यांनी मिळेल. दुसरी, गाडी मिळण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू राहील.

"म्हणजे आत्ता आपण जे घासतोय, त्याला काही अर्थच नाही," ती म्हणाली.

"किंमत सहसा वाढत नाही."

"सहसा रस्त्यावर कुत्रंही आडवं येत नाही."

पण तिला टोचत होते ते चौदा महिने. दोन वर्षांतले सहा महिने आधीच गेले होते. त्यातून चौदा गेले, तर उरणार चार. चार महिन्यांसाठी तिनं शाळा विकली होती.

घड्याळात सहाला पंचवीस कमी.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली आणि उठली. तिनं खरंच जायचं ठरवलं होतं, त्यात नाटक नव्हतं. पण अर्धं उठल्यावर डावा गुडघा आखडला. टेबलाची कड धरून ती तशीच वाकलेली राहिली. पेन घरंगळलं. नवरा उठला, पण त्यानं हात पुढं केला नाही. तिला ते चालत नाही हे त्याला माहीत होतं.

गुडघा कटकन सुटला आणि ती सरळ झाली.

मॅनेजरनं पेन उचललं. आवाज उतरवून म्हणाला, "बाई, या पायानं क्लच दाबणार? हीच गाडी ऑटोमॅटिकमध्ये दोन महिन्यांत देतो. चौतीसला. पॅकेज नाही, किंमत आज लिहून देतो. तुमच्या भल्याचं सांगतोय."

आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याची नजर तिच्या गुडघ्यावर होती.

"अगं," नवरा म्हणाला, "एक लाख वाचतोय. आणि माणूस बरं बोलतोय. बघ ना जरा."

तिनं बघितलं. भिंतीवरच्या फोटोकडे नाही, नवऱ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि त्याच्या काळजीपुढं हरायची तिला जुनी सवय होती. तिनं मनात नाव घेतलं, क्लच सुटताना घ्यायची तसं. मग ती परत बसली. घासाघीस सोडून दिली आणि जे कुणाला सांगणार नव्हती ते सांगितलं.

"मी शिकवते गाडी. एकतीस वर्षं. लोकांनी दाबलेला क्लच मी माझ्या पायानं ऐकलाय, स्वतःचा मात्र कधी मनासारखा दाबला नाही. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं, त्यातले सहा महिने गेले. ऑटोमॅटिक मला सत्तराव्या वर्षीही चालवता येईल. गिअरची आत्ताच. थांबायला चौदा महिने माझ्याकडे नाहीत, म्हणून मी जात होते. तुमच्या किमतीमुळं नाही."

मॅनेजरची नजर वळली. काचेतून, केबिनमध्ये, मागच्या फळ्यावर. वरच्या ओळीवर नाही, मधल्यावर नाही. खालच्यावर.

"तिसऱ्या ओळीत काय आहे?" ब्रेकबाईनं विचारलं.

"कुठल्या?"

"फळ्यावरच्या. आत्ता बघितलीत ती."

सेल्समननं मान खाली घातली. मॅनेजर म्हणाला, "ती शोरूमची गाडी आहे. गिऱ्हाइकांना दाखवायची. कंपनी पहिल्या खेपेत पाठवते, चार महिन्यांत. मॅन्युअल आहे, पण राखाडी रंग, कापडी सीट, काही म्हणजे काही नाही. ती विकायची नसते."

"तुम्ही तिचे पैसे भरणार, वर्षभर उभी करणार आणि मग जुनी म्हणून पडत्या भावात विकणार. मी आजच घेते. दाखवायचीय ना? पहिले बारा शनिवार मी ती इथं आणून उभी करीन. गिऱ्हाइकं बघतील."

मॅनेजर हिशेबात पडला. सहाला बारा कमी.

"बारा शनिवार," तो म्हणाला. "आणि त्याबद्दल एक लाख कमी. पस्तीस. पण उभ्या गाडीला कोण विचारतं? गिऱ्हाइकाला चालवायला द्यावी लागेल. तुम्ही शेजारी बसा. तुमचं कामच ते. तुमच्याइतकं चांगलं कोण बसणार?"

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. सौदा झालाच म्हणायचा. पस्तीस, चार महिने, तीन पेडल. त्यानं आनंदानं बायकोकडे पाहिलं आणि त्याला तिचा पाय दिसला. पुन्हा जमिनीत रुतलेला.

"नाही," ब्रेकबाई म्हणाली.

"अगं..."

"शेजारी गिऱ्हाईक बसेल. स्टिअरिंगवर मी."

"मॅडम, गिऱ्हाइकाला चालवून बघायचं असतं."

"त्याला ऑटोमॅटिक द्या चालवायला. ही गाडी काय करते ते बघायचं असेल, तर माझ्या शेजारी बसावं. गिअर कसा टाकतात तेही बघायला मिळेल, फुकट. पण त्या सीटवर मी आता बसणार नाही. आणि किंमत पस्तीसच राहील, हे तुमच्या हातानं लिहा. मागच्या पानावरची किमतीची ओळ खोडून."

पुढची दोन मिनिटं फार लांब होती. सेल्समन चकत्या पेटीत लावत होता, एकच चकती पुन्हा पुन्हा. नवरा घड्याळाकडे बघत होता. ती गोळ्याकडे बघत नव्हती, फॉर्मकडेही नाही. ती मॅनेजरच्या डोळ्यांकडे बघत होती, नवशिक्याचे बघावेत तसे, की आता कुठं वळणार. ते दाराकडे गेले. मग ते फळ्याकडे गेले. आणि मग हळूच खाली आले, पेनावर.

तिनं पेन उचलून त्याच्या हातात दिलं.

मॅनेजरनं चौदाचे चार महिने केले, किमतीची ओळ आडवी खोडली, वर पस्तीस लाख असं आकड्यात आणि अक्षरात लिहिलं, सही केली. तिनं खालच्या ओळीत सही केली. बाहेर निघताना मात्र तिनं तो स्टीलचा गोळा एकदा मुठीत धरला आणि परत जागेवर ठेवला.

"विमा आमच्याकडूनच काढा," सेल्समन मागून म्हणाला.

"सर्जनचा काढा," नवरा म्हणाला.

बाहेर शाळेची जुनी गाडी उभी होती. गुडघ्यामुळं वर्षभर तोच चालवायचा आणि ती सवयीनं शेजारी बसायची. त्यानं दार उघडलं, तर तिनं हात पुढं केला.

"चावी."

"अगं, पाय आत्ताच आखडला होता."

"चार महिने आहेत. सराव नको का?"

तो निमूटपणे पलीकडे जाऊन बसला. त्याच्या पायाशी तिचे जुने क्लच आणि ब्रेक होते, रबर झिजून गुळगुळीत झालेले. तिनं क्लच दाबला, दुखलं, सोडला. गाडी रस्त्याला लागली. पहिल्या चौकात समोरून सायकल आली आणि ती काही करायच्या आत गाडी गचकन थांबली.

"सायकल होती," तो म्हणाला.

"दिसली होती मला. अहो, पाय वर घ्या."

त्यानं घेतले. घरापर्यंत तो तसाच बसून होता, पाणी शिरलेल्या घरात बसावं तसे दोन्ही पाय वर घेऊन.