विहिरीत मी उतरले होते

“नाटकात येडी कोन होते?” ठाणेदारसाहेबांनी विचारलं आणि अख्ख्या हॉलच्या माना माझ्याकडे वळल्या. मी भिंतीशी उभी. हातात पाण्याचा ट्रे. होमगार्ड ना मी! खाकी तीच, घाम तोच. खुर्ची नाही.

बुलढाण्यात पोलिसांचं प्रशिक्षण होतं. जीव द्यायला निघालेल्या माणसाशी कसं बोलावं, अन् असलं पाहून पाहून आपलं मन कसं सांभाळावं, याचं. डॉक्टर मॅडम आधी खुर्चीखुर्चीपाशी गेल्या. वाकून हळूच विचारायच्या, “झोप लागते का?” काय तो आवाज! दगडालाही जांभई आली असती. मी ट्रे घेऊन मागोमाग. मला कोणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत मंदा. माझ्याच देऊळघाटची. भरतीला दोघी सोबत धावलो. मी अशी धावले की अजिंठ्याचा डोंगर बाजूला सरकला. पोलिसात घेतलं तिला.

मंदा रडली. “अमडापूरच्या विहिरीतली पोरगी दिसते मॅडम.” मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

मी अशी तापले की ट्रेवरच्या ग्लासातलं पाणी उकळावं. अमडापूरला प्रेत काढायला गावकऱ्यांनी दोरांनी विहिरीत बाज सोडली होती. साहेब म्हणाले होते, “बाईचं प्रेत हाय, बाईनंच बांधा.” मंदाची वर्दी ओली होऊ नये म्हणून मला उतरवलं. पोरीचे केस बाजेच्या सुंभात अडकले. ते मी सोडवले. मंदा वरून पाहत होती. तिचं रडू खोटं नव्हतं. पण मी बाजेला बांधलेली पोरगी तिच्या स्वप्नात काऊन जावी? अन् हात तिचाच का धरावा?

मग ते नाटक. जीव द्यायला निघालेली येडी मीच. मधोमध स्टूल ठेवलं. ती विहीर. मी वर चढले, केस सोडले, अशी किंचाळले की शेगावला गाडी थांबली असेल. हॉल हसून लोळला. साहेब जवळ आले. हात जोडून म्हणाले, “ताई, खाली ये. म्या आयकतो तुयं.”

ताई! जन्मात पहिल्यांदा. टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत साहेब म्हणाले, “झालं, उतर वं. चाय आन समद्याईले.”

“नाही उतरत.”

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, नाटकच.

“आयकतो म्हनलं ना साहेब? मंग आयका. मले झोप लागत नाही. त्या विहिरीत मी उतरली होती. मंदा नाही.”

हसू थांबलं. मंदानं मान खाली घातली.

“तमाशा बंद कर. उद्यापासून ड्युटी नाही तुले,” साहेब म्हणाले.

मी उतरले. आपणहून. ती विहीर उचलली, पहिल्या रांगेत मंदाशेजारी ठेवली आणि त्या स्टुलावर बसले. चहा कोणी आणला ठाऊक नाही. मी नाही आणला.

ड्युटी बंद झाली, ती अजून बंद आहे. पण कुठल्या तरी विहिरीत पुन्हा कोणी बाई सापडेल आणि बाज सोडताना यांना मीच आठवेन. मी जाईन. तिला वर आणीन. वर आल्यावर आधी मला विचारायचं, झोप लागते का. विचारेपर्यंत बाजेचा दोर माझ्या मुठीतून सुटणार नाही.

आणि अमडापूरची पोरगी माझी आहे. मंदाला देणार नाही.