हवालदार धनराज आणि वीस फुटी फ्लेक्स

फ्लेक्सच्या धंद्यात मला अकरा वर्षं झाली. येवल्यात माझं दुकान आहे. या अकरा वर्षांत मी किती जणांना 'कार्यसम्राट' केलं याची गणती नाही. ज्याचं घरात कुत्रं ऐकत नाही, तोसुद्धा माझ्या दुकानातून 'युवा हृदयसम्राट' होऊन बाहेर पडतो. पदवी द्यायला माझ्या बापाचं काय जातं? म्हणून धनराजच्या फ्लेक्सवर 'पॅरा कमांडो' असं हातभर अक्षरांत टाकताना मला काहीच वाटलं नाही. शिवाय तसं टाकायला त्याच्या आईनंच सांगितलं होतं.

धनराज माझा शाळासोबती. आमचं गाव येवल्यापासून अर्ध्या तासावर. शाळेत तो पळण्यात पहिला आणि गणितात शेवटून पहिला. बारावीनंतर नाशिकरोडला तोफखान्यात भरती झाला, आणि पुढची सतरा वर्षं तोफांच्या शेजारी काढून हवालदार झाला. त्या तोफांनी त्याचा डावा कान निम्मा खाल्ला. त्यामुळे तो गुपित सांगायला लागला तरी चार घरं ऐकतात. सुट्टीवर आला की आधी शेतात पाणी धरायचा, मग गावभर फिरून म्हाताऱ्यांची विचारपूस करायचा. गर्व नावाला नाही. असा माणूस आमच्या गावानं कमांडो कसा केला, ते ऐका.

पाच-सहा वर्षं नोकरी झाल्यावर धनराजनं कमांडोच्या निवडीसाठी नाव दिलं. निघताना त्यानं आईला फोन केला, "आई, कमांडोच्या ट्रेनिंगला चाललोय." चतुराबाईनं फोन ठेवला आणि तडक पेढे आणायला माणूस पाठवला. तीन आठवड्यांनी धनराज परत आपल्या तोफांपाशी आला, पण पेढे तोवर गावभर खाऊन झाले होते. खाल्लेले पेढे परत कसे मागायचे? धनराज गप्प बसला. पुढं सुट्टीवर आल्यावर कुणी विचारलं, की तो मान खाली घालून म्हणायचा, "जाऊ द्या, तो विषय नको." झालं! लोक एकमेकांना डोळे मारायचे, "सिक्रेट असतं त्यांचं." तो जितका गप्प, तितका पक्का कमांडो. चतुराबाई तर पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला अडवून सांगायची. कुणाच्या पोराला तलाठ्याची नोकरी लागली तरी ती म्हणायची, "चांगलंय बाई. पण माझा कमांडो हाय."

मागच्या वर्षी तो निवृत्त होऊन आला. हल्ली आमच्याकडे फौजी परतला की गाव त्याची मिरवणूक काढतं: उघडी जीप, फेटा, डीजे, लेझीम, आणि आईच्या हातचं औक्षण. मनमाड स्टेशनवरून मीच त्याला गाडीनं आणला. गावाच्या वेशीत शिरलो आणि समोर फ्लेक्स. वीस फुटी! कामावर माझा मी खूश होतो. धनराज वाचत राहिला आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"शेखर, हे कुणी लिहिलं?"

"मी. का रे, शुद्धलेखन चुकलं?"

"उतरव ते. मी कमांडो नाहीये."

हे तो त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलला. नशीब, डीजे चालू होता.

सरपंच खंडेरावदादा धावत गाडीपाशी आले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. दादा मुरलेले. ते थेट धनराजला म्हणाले, "आरं, मंग काय झालं? कोण विचारतंय? उद्या तुला पोरांसाठी भरतीची अकॅडमी काढायचीय ना? कमांडोच्या नावानं पोरं येतील. आन आईकडं बघ जरा."

चतुराबाई वेशीच्या दगडापाशी उभी होती. अंगावर नवी पैठणी, हातात ताट, आणि चेहरा असा, की बघणाऱ्याचं पोट भरावं. धनराज तिच्याकडे बघून हळू (म्हणजे त्याच्या मानानं हळू) म्हणाला, "सगळ्यांसमोर तिची मान खाली घालू का?" मी म्हटलं, "आज राहू दे. उद्या तिला एकटीला सांग. फ्लेक्स मी संध्याकाळी गुंडाळतो."

त्यालाही ते पटत आलं होतं. तेवढ्यात चहाच्या टपरीवरून एक बारकासा माणूस उठला. पायात चप्पल, खांद्याला पिशवी, पिशवीतून नागलीच्या पापडांचं पुडकं डोकावतंय. हा पुंजा, पेठकडचा. धनराजच्या बरोबर निवडीला गेला होता आणि निवडून आला होता. म्हणजे खरा कमांडो. धनराजनंच त्याला आमंत्रण दिलं होतं, आणि तो सकाळच्या एसटीनं येऊन तासभर त्याच फ्लेक्सखाली चहा पीत बसला होता. कुणी त्याला ओळखलं नाही. एकानं तर खुर्च्या उचलायला लावल्या, आणि त्यानं उचलल्या, हे टपरीवाल्यानंच आम्हाला हसत सांगितलं.

त्यानं धनराजला मिठी मारली, एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "फोटो चांगला आलाय."

बस्स, एवढंच. पण धनराज घामानं भिजला. जीपवर चढला आणि डीजेवाल्याच्या हातातून माइक घेतला. त्या माणसाला माइकची गरज नसते.

"मंडळी, फ्लेक्सवर चुकीचं लिहिलंय. मी कमांडो नाही. निवडीला गेलो होतो, अठराव्या दिवशी परत पाठवला."

लेझीम थांबलं. कुणीतरी ओरडलं, "पाय मोडला असंल!"

"पाय नाही मोडला. पाठीवर दगड भरलेलं ओझं घेऊन लांब चालायचं होतं. शेवटच्या चढाला दोन दगड काढून मी झुडपात टाकले. वर पोचल्यावर ट्रेनिंगच्या उस्तादांनी विचारलं, वजन पूर्ण आहे? मी म्हणालो, पूर्ण आहे. त्यांनी काट्याला लावलं. दोन किलो कमी."

खंडेरावदादा फ्लेक्सकडं पाठ करून उभे राहिले.

"उस्ताद रागावले नाहीत. ते म्हणाले, थकलो म्हणाला असतास, तर उद्या पुन्हा चालवला असता. थकलेला माणूस तयार करता येतो. पण अंधारात तू म्हणशील, पुढं कुणी नाही, आणि तुझ्या शब्दावर दहा जण पुढं जातील. त्यांनी कशाच्या जोरावर जायचं? आणि माझं सामान बांधायला लावलं." त्यानं पुंजाकडं बोट दाखवलं. "हा लंगडत लंगडत सगळ्यांच्या मागून आला. त्याचं ओझं अर्धा किलो जास्त भरलं. कमांडो हा आहे. मघाशी तुम्ही याच्याकडून खुर्च्या उचलून घेतल्या."

सगळ्यांच्या माना टपरीकडं वळल्या. खुर्च्या उचलायला लावणारा गडी गर्दीत कुठं गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुंजा लाजून पिशवीशी खेळत होता. पण मला त्या घडीला फक्त चतुराबाईची काळजी होती. धनराज खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, चुकलं. बारा वर्षं सांगायचं धाडस झालं नाही."

"दोन किलोसाठी घरी धाडला?" तिनं विचारलं.

"खोटं बोललो म्हणून."

तिनं ताटातलं निरांजन नीट केलं. मग पुंजाकडं वळली. "आन तुला रं? तुलाबी ओझं जड झालं आसंल की."

"लय जड झालं, आई. मी रडलो," पुंजा म्हणाला. "पण मला दगड टाकायची भीती वाटायची. साहेबांची नाय, मागून येणाऱ्याची. त्यानं पाहिलं आसतं तर?"

चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले. आधी पुंजाला ओवाळलं, मग धनराजला कुंकू लावलं. लावताना बोट जरा जोरातच दाबलं, ते मी बघितलं. म्हणाली, "तुझ्या साहेबानं बराबर केलं. मीबी हाकलला आसता." आणि मग त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्याला जवळ घेतलं. आमच्या धंद्यात असं बघायला मिळत नाही.

धनराजनं पुंजाला विचारलं, "राग नाही ना आला?"

"आला होता, फ्लेक्स वाचल्यावर. आता गेला," पुंजा म्हणाला. "पण आज खरं बोललास म्हणून कमांडो म्हनीन, असं समजू नको हां."

"नको म्हणूस," धनराज म्हणाला, आणि दोघं असे खदखदून हसले, की डीजेवाल्याला वाटलं आता वाजवायचं, आणि त्यानं दणक्यात सुरू केलं. पुंजाला ओढून जीपवर चढवला. मी शिडी लावून 'पॅरा कमांडो'वर पांढरा कागद चिकटवला. त्यावर 'हवालदार' लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं, पण आजवर मी लिहिलेल्या पदव्यांत मला तेवढीच एक खात्रीची वाटली.

अकॅडमी सुरू झाली आहे. बोर्डावर 'हवालदार' एवढंच आहे, पोरं बेताचीच आहेत. परवा गावात गेलो, तर चतुराबाई पाण्याच्या टाकीपाशी एका नव्या सुनेला अडवून उभी होती. छाती तशीच पुढं, आवाज तसाच वरचा.

"माझा धनराज कमांडो नाय बरं का," ती सांगत होती. "साऱ्या गावासमोर त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं."