मडमबाईचं पान

मंडळी, आज सर्वपित्री अमावस्या. सकाळी माझ्या टॅक्सीत लंडनहून आलेल्या एक बाई बसल्या. त्यांच्या आजीची बहीण एडिथ आपल्या महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी लावायची. इंग्रज गेले तरी ती इथंच राहिली आणि साठच्या दशकात वारली. पुढचं त्यांच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ख्रिस्ती दफनभूमीत बरंच शोधलं, पण कबर काही सापडली नाही. म्हणून मी त्यांना एडिथच्या जुन्या मळ्यावर नेलं. तिथं आता तानूमावशी राहतात. त्यांच्या सासूनं एडिथकडं जन्मभर काम केलेलं.

मावशी कावळ्यासाठी अंगणात पानं मांडत होत्या. सासऱ्याचं, सासूचं, आणि शेजारच्या पानावर भाजलेला पाव नि बिनदुधाच्या चहाचा कप.

"हे कुणाचं, मावशी?"

"मडमबाईचं. मी लगीन हून आले तवा ती आजारीच हुती. तिच्यामागं कोण हाय दुसरं? सासू ठेवायची, आता मी ठेवते."

बाई कोण ते मी मावशींना सांगितलं, नि पान कुणाचं ते बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बाईंनी बूट काढले.

मावशींनी तो चहाचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. "आता तू आलीयास, तूच ठेव बाई."

तुमच्या घरी ठेवतात का हो असं नात्यात नसलेल्या कुणाचं पान?