निळज्याच्या माळावर अडलेलं चाक

आधीच सांगून ठेवतो – भूत, मुंजा, हडळ यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, एकही परत आलेलं नाही. हे लिहितोय ते निव्वळ वैतागून. गावात जो तो ही गोष्ट आपापलं तिखटमीठ लावून सांगतो आहे...

गेल्या वर्षी मी एका साहेबाची जुनी बायसिकल विकत घेतली. आमचे शेजारी तात्या तिला ‘पायगाडी’ म्हणतात, तेही नाक मुरडून. “डॉक्टर, चारचौघांत असं तंगड्या हलवत जाणं शोभतं का तुम्हाला?” अहो, पण बैल जुंपून होईपर्यंत रोगी दगावतो त्याचं काय! पूर्वी दिवसात एक गाव व्हायचं, आता तीन होतात. आणि रात्रीची सफर तर विचारूच नका... गार वारा, कापलेल्या गवताचा वास, चाकाखाली खडीची बारीक करकर. हे सुख तात्यांना समजावता समजावता मी थकलो.

तर – दिवाळीनंतरची गोष्ट. शीळला रोगी पाहून आठच्या सुमारास परत निघालो. चांदणं स्वच्छ होतं. निळजे मागे पडलं आणि अचानक पुढचं चाक अडलं. मी तोंडावर आपटता आपटता वाचलो. उतरून चाक उचललं, फिरवलं – भिरभिर फिरलं! बसलो – पुन्हा अडलं. असं चार वेळा. शेवटी म्हटलं, निळज्यालाच मुक्काम करू. गाडी वळवली तर लोण्यासारखी चालली! लगेच कल्याणकडे तोंड केलं... अडली.

नाइलाजाने मागे निघालो. मैलभरावर माळाकडे जाणारी पायवाट लागते. तिथे आल्यावर गाडी निळज्याच्या दिशेनेही चालेना. चिडून पायवाटेवर घातली. चालली!

पायवाटेच्या टोकाला, गवताच्या भाऱ्यांशेजारी, बामा नावाचा आगरी शेतकरी पडला होता. रात्री चांदण्यात गवत कापताना विळा पोटरीत खोल गेलेला. त्याची बायको गौरी लुगड्याचा बोळा जखमेवर दाबून बसली होती. बोळा चिंब झाला होता. बामाची नाडी हाताला जेमतेम लागत होती. बॅग उघडून मी पाय आवळला, शिरा बांधल्या, टाके घातले. आणखी पाव तास गेला असता तर काही उपयोग नव्हता.

मग त्याला बायसिकलवर बसवलं. गौरीने त्याला धरलं, मी गाडी ढकलत निळज्याला नेली. चाक कुठेही अडलं नाही. बामा जगला, आता लंगडत का होईना, शेतावर जातो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीने चाक पूर्ण खोललं. “साहेब, यात काहीच बिघाड नाही,” म्हणाला. तात्या म्हणतात, शांत करून घ्या. बायसिकलची शांत! कुठला भटजी सांगेल हो मंत्र?

चाकाचं एक वेळ सोडून देऊ. गंज असेल, खडा असेल, माझीच चूक असेल. पण त्या रात्री वाटेत गौरी माझ्यावरच रागावली होती, त्याचं काय करू?

“डाक्तर, इतका येल का लावलाव?” ती म्हणाली.

“अगं, मला काय ठाऊक तुम्ही इथे आहात ते!”

“ठाव नाय कसा? मी हाका मारीत होते, तुमी रस्त्यावरशी ‘आलो, आलो’ बोलत होताव. सारखा!”

मला एकही हाक ऐकू आली नव्हती. आणि त्या मैलभरात मी काही बोललो नाही असं नाही... पुष्कळ बोललो, पण सगळं त्या चाकाला उद्देशून, आणि त्यातलं काहीही इथे छापण्यासारखं नाही. ‘आलो’ मात्र मी एकदाही म्हणालो नव्हतो.