उभ्याने दिलेलं मत

हरेशभाऊंना एखादा अल्बम आवडला नाही की ते म्हणत, "कासूला उतरला." पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीचं पहिलं स्टेशन कासू. म्हणजे दोन-तीन गाण्यांतच भाऊंनी इअरफोन काढून खिशात कोंबले, असा त्याचा अर्थ. नंतर नागोठणं. तिथे उतरलेला अल्बम बरा, पण पुढे न्यावा असा नाही. निडीपर्यंत टिकलेल्याला ते मान देत, आणि रोह्याला पोचणारे वर्षाकाठी एखाद-दुसरे. याहून वेगळं माप त्यांना कधी लागलं नाही. आमचा मित्र इम्तियाज एकदा इंटरनेटवर कुणी कुठल्या अल्बमला किती तारे दिले ते वाचून दाखवत होता. भाऊ म्हणाले, "तारे कशाला? आपून काय हॉटेल उघडलाय?"

मी पेणच्या रामवाडीत राहते आणि रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळची ती गाडी बरीच मोकळी असते. एके दिवशी समोर एक उंच, वाळका माणूस येऊन बसला. बसला म्हणजे टेकला. लगेच उठला, दारापर्यंत गेला, परत आला, जागा बदलली, आणि मग बोटातली अंगठी खिडकीच्या गजावर वाजवायला लागला. त्या टकटकीने माझं डोकं उठलं. "एका जागी बसा बघू," असं वर्गातल्यासारखं म्हणणार, तोच त्याच्या इअरफोनची पिन निसटली आणि डब्यात एक बाई इंग्रजीत बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. समोरच्या भाजीवालीने टोपली जवळ ओढली. मी मात्र चाटच पडले. तो अल्बम मी आदल्याच दिवशी वह्या तपासताना ऐकला होता, आणि पेण-रोह्याच्या पट्ट्यात तो ऐकणारी मी एकटीच असल्याचा मला गर्व होता.

"ड्रमवाला फार घाईत आहे," मी म्हणाले.

हेच हरेशभाऊ. त्यांनी माझ्या मांडीवरच्या वह्यांकडे पाहिलं. "घाईत नाय, बाई. त्याला घरी जायचाय."

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. पण त्या वाक्यावर आम्ही रोज भांडत रोह्यापर्यंत जाऊ लागलो.

हरेशभाऊ खाडीकाठच्या गावातले. घरचं मिठागर होतं. ते स्वतः रोह्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. तरुणपणी मुंबईत अप्रेंटिसशिप करताना खोलीवर शिलाँगचा एक मुलगा होता. तो घरी परत गेला आणि त्याची इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटची पिशवी भाऊंकडे राहिली. त्यातून हे वेड लागलं. पंक असो की आत्ताच्या पोरांचं इंडी, शब्द अर्धे कळत नसत. त्याची त्यांना फिकीर नव्हती. "शब्द कळला नाय तरी माणूस खोटा बोलतो का खरा, ता कळतो," असं ते म्हणत.

रोहा स्टेशनजवळ इम्तियाजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शनिवारी दुपारी, परतीच्या गाडीआधी, आम्ही तिघं तिथे जमायचो. आठवड्याचा अल्बम एकच आणि मत प्रत्येकाचं. नियम भाऊंचा: मत उभ्याने द्यायचं. "बसून दिला का मत गोड होतो," ते म्हणत. त्यामुळे मी पर्स सांभाळत आणि इम्तियाज हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, असे उभे राहून बोलायचो, आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईक आमच्यात काय बिनसलंय म्हणून बघत राही. इम्तियाज ते बोलणं रेकॉर्ड करून 'ऐकलं का' नावाच्या आमच्या ग्रुपवर टाकायचा.

भाऊंची काही मतं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. एका अल्बमची सगळी गाणी नागोठण्याच्या आतच आटोपली. तेव्हा ते म्हणाले, "बोलायचा तेवढा बोलला आन् गप बसला. हाय का असा कोण आपल्या गावात?" एका कोमल आवाजाच्या, रडव्या गायकाबद्दल म्हणाले, "याचा दुःख इस्त्री केलेला हाय." तो गायक मला फार आवडायचा. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते मी बसलेला डबा शोधत आले आणि म्हणाले की त्याला परत गाडीत घेतलाय, काल परत ऐकला, इस्त्री फक्त वरून आहे. मी चिडून विचारलं, मग आधीचं मत काय झालं? "काल बोललो तो काल," म्हणून ते दाराकडे चालायलाही लागले. या माणसाशी धड भांडताही येत नसे.

त्यांची मुलगी केतकी मला पेणच्या बाजारात गाठून बोलली, तो दिवस मला नीट आठवतो. पदवी झाली होती, घरात बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणलेली होती. पण खिडकीला गादी लावून ती खोलीत गाणी रेकॉर्ड करत बसायची. भाऊंना वाटे अभ्यास चाललाय. आता अख्खा अल्बम तयार होता, दुसऱ्याच नावाने. तो मी नाव न सांगता ग्रुपवर टाकावा, असं तिचं म्हणणं होतं.

"पप्पा घरात खोटं बोलतात, बाई. माझी भाजी करपली तरी छान म्हणतात. खरं फक्त तुमच्या त्या दुकानात बोलतात. मला ते खरं पायजे."

रोह्याला पोचला तर ती पुण्याला जाणार होती. तिथले बँडवाले बोलावत होते. कासूला उतरला तर गाणं सोडून परीक्षेला बसणार होती. मी म्हटलं, असं कुणी आयुष्य ठरवतं का? पण तिचा हट्ट तिच्या वडिलांवर गेला होता. मी अल्बम टाकला.

दुसऱ्या दिवशी गाडीत भाऊंनी इअरफोन लावले आणि मी समोर श्वास रोखून बसले. पेण सुटलं. कासू आलं आणि गेलं. माझ्या लक्षात आलं की टकटक ऐकू येत नाही. हरेशभाऊ बसले होते. एका जागी, हात मांडीवर ठेवून, थेट रोह्यापर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात केतकीची पुण्याची बॅगही भरून टाकली.

शनिवारी ते उभे राहिले. म्हणाले, पहिली तीन गाणी कुणाची तरी नक्कल आहे. चौथ्यात पोरगी खरं बोलायला जाते, मग घाबरते आणि गिटार मोठी करते. "आवाज लपवलाय. ज्याला लपायचाय त्यानं गाऊ नये. नागोठण्याला उतरला."

हे रेकॉर्डिंग मी केतकीला पाठवलं. ती दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी आली. मला वाटलं, नागोठणं तिला झोंबलं असेल. पण ते तिने निमूट मान्य केलं होतं, चौथ्या गाण्याचं तर तिला स्वतःलाही जाणवलं होतं. "पण बाई, जन्मभर माझा आवाज ऐकलाय त्यांनी," ती म्हणाली, "आणि मला ओळखलं नाय." त्यानंतर तिने खिडकीची गादी काढली. घरात वडिलांशी बोलणं बंद केलं. परीक्षेचा अभ्यासही करेना, गायलाही बसेना.

सोमवारी मी भाऊंना गाडीत धारेवर धरलं. ती पोरगी कोण होती, माहीत आहे का तुम्हाला? ते गजावर अंगठी वाजवत होते. टकटक थांबली.

"वळखला," ते म्हणाले. "पयल्या गाण्याच्या आदी ती दम घेते ना, तवाच वळखला. ल्हानपणी तिला तलावात पोहायला शिकवली. उडी मारायच्या आदी असाच दम घ्यायची."

"मग दुकानात बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मत बापाचा झाला असता. तिनं बापाचा मागितला नव्हता."

"आणि गाडीत बसून होतात ते?"

"पाय चालं ना, बाई."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. हे तिला सांगा, नाहीतर मी सांगते, असा मी दम भरला. समोर बोलायला त्यांना जमेना, म्हणून व्हॉइस मेसेज पाठवायचं ठरलं. मग काय विचारता! एरवी जगातल्या कुठल्याही बँडला दोन वाक्यांत गाडीतून उतरवणारा हा माणूस या डब्यातून त्या डब्यात फिरत मेसेज रेकॉर्ड करी आणि पुसून टाकी. आठवडाभर हेच चाललं. शेवटी एका सकाळी निडीला गाडी उभी असताना त्यांनी बटण दाबलं, म्हणाले, "केतू, तू उडी मारायच्या आदी..." आणि पुढचं बोलायला मोठा दम घेतला, तेवढ्यात गाडीला धक्का बसला, अंगठा निसटला आणि मेसेज गेला. तेवढाच. पुसायला गेले तर खाली निळ्या खुणा उमटल्या होत्या. तिने ऐकला होता.

रोहा यायच्या आत तिचा फोन आला. भाऊ दाराशी जाऊन उभे राहिले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी खिडकीला परत गादी लागली, आणि पावसाळा संपता संपता केतकी पुण्याला गेली.

भाऊंच्या निवृत्तीच्या जरा आधी तिचा दुसरा अल्बम आला. एव्हाना तीही आमच्या ग्रुपवर होती. तिने तो स्वतःच तिथे टाकला, खाली लिहिलं, "या वेळी नाव लपवलेलं नाही." पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा गिटार नाही, ड्रम नाही, नुसता एक श्वास आहे. मग आवाज येतो, उघडा. भाऊंनी तो गाडीच्या दारात उभं राहून ऐकला आणि पूर्ण वेळ पाठ माझ्याकडे ठेवली. रोह्याला उतरताना रुमाल ओला होता.

शनिवारी इम्तियाजने रेकॉर्डिंग सुरू केलं. हरेशभाऊंनी गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"भाऊ, नियम," इम्तियाज म्हणाला.

"म्हाइत हाय. आदी बापाचा मत घ्या." त्यांनी फोन जवळ ओढला. "केतू, छान हाय गो. लय छान हाय."

करपलेल्या भाजीला म्हणत तसंच म्हणाले. मग स्टूल मागे सारलं, शर्ट नीट केला आणि उभे राहिले.

"आता उभ्यानं बोलतो. दुसरा गाना नागोठण्याला उतरला."

इम्तियाजने दोन्ही मतं एकत्रच पाठवली. आम्ही चहा सांगेपर्यंत तिकडून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न, "आणि बाकीची, पप्पा?"

भाऊ दुकानाच्या पायरीवर पोचले होते. तिथूनच वळून म्हणाले, "सांग तिला, बाकीची अजून उतरली नाय."