कुणाला भेटलात?

वालूरच्या आशा सेविका सविता यांचं नाव निघालं की गावात अजून म्हणतात, कोरोनात बाईनं गाव सांभाळलं. खरं सांगायचं तर सवितालाही ते पुरतं पटलेलं होतं. ताप आलेल्या माणसाच्या दारात ती मास्कवरून पदर बांधून उभी राहायची, कोणाकोणाला भेटलात विचारायची आणि ती माणसं शोधून त्यांना घरात बसवायची. कोणी शिव्या घातल्या, एकानं तर कुत्रं सोडलं. ही हटली नाही. भीड नावाची गोष्ट देवानं तिला दिलीच नव्हती.

तिची भाची दीपिका परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. "आत्या, तुझ्या कामावर प्रोजेक्ट केलाय, बघायला ये," असा तिचा फोन आला, तेव्हा सविता ठेवणीतली साडी नेसून गेली. कौतुकाला नको म्हणणाऱ्यांतली ती नव्हेच.

दीपिकानं कॉम्प्युटरमध्ये वालूरएवढंच एक खोटं गाव वसवलं होतं. माणूस म्हणजे एकेक हिरवा ठिपका. आजार लागला की तो लाल.

"आधी कोणीच संपर्क शोधत न्हाई, असं धरू," दीपिका म्हणाली. बघता बघता गाव लालेलाल झालं. सविता तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"आता तू आलीस. तू शोधली होतीस तेवढीच माणसं यात धरलीत."

सविता सरसावून बसली. ठिपके हलले, फिरले, आणि गाव पुन्हा तसंच लाल झालं.

"बिघडलंय तुझं मशीन."

"शेकडो वेळा चालवलंय, आत्या. उन्नीस-बीसचा फरक पडायलाय. आता आजाऱ्याच्या जवळ आलेली निम्मी माणसं सापडली असती तर काय, ते बघ."

या खेपेला लाल थोडं पसरलं आणि थांबलं. बाकी गाव हिरवं राहिलं. सविता म्हणाली, "म्हंजे मी उगंच फिरले?"

"तसं न्हाई गं. पण एका आजाऱ्यामागं तुला एखादंच माणूस सापडायलं होतं. एवढ्या गावात असं कसं? तू विचारायचीस तरी काय?"

"कुणाला भेटलात, म्हणायची. लोक सांगायचे, कुणालाच न्हाई. मी काय करू?"

"बरं, काल तू कुणाला भेटलीस?"

"काल? कुणालाच न्हाई. येळ कुठाय?"

"अन् मघाशी सांगायली होतीस ते? अंबाबाईकडं पापड लाटायला बसलीस, बाळंतिणीला बघून आलीस?"

"ते भेटणं हाय व्हय? भेटणं म्हंजे..."

सविता बोलता बोलता थांबली. कोणाचं माणूस गेलं की गळ्यात पडून रडायला जातात, ते भेटणं. लांबच्या पाहुण्याला भेटणं. रोजच्या उठण्याबसण्याला वालुरात कोणी भेटणं म्हणत नाही, तीही म्हणत नव्हती. अख्ख्या गावानं तिला खरं तेच सांगितलं होतं. ती खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

तापानं तेव्हा तिचंही घर सोडलं नव्हतं. नवऱ्याला, बजरंगला, तिनं नियमाप्रमाणे उंबऱ्यातूनच विचारलं होतं. तो म्हणाला होता, कुणालाच न्हाई. तो बरा झाला. पुढं थोड्याच दिवसांत गिरणीवाले किशनराव गेले, चाळिशीही न गाठता. त्यांना कुठून झालं ते कळलंच नाही, असं सविता त्यांच्या बायकोला, शुभदाला, आजवर शपथेवर सांगत आली होती. शुभदाचा तिच्यावर डोळे मिटून विश्वास.

"किशनरावाला कुणापासून झालं, ते दाखवतंय का गं हे?" तिनं विचारलं.

"आत्या, पाणी देऊ का? हे बघ, कोणापासून कोणाला झालं ते यातून कळत न्हाई. हे खोटं गाव आहे."

सविताला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. "आमचे हे तापायच्या आदल्या दिवशी गिरणीत व्हते," ती म्हणाली. "लाईट गेली, म्हणून किशनरावासंगं पत्ते खेळत बसले सांजपोतर."

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"मीच धाडलं व्हतं त्यांला, दळण देऊन." सवितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आता शुभदा इचारल, परभणीला काय बघितलंस म्हणून. तिला काय सांगू मी?"