पडवीतले पाच कॅन

टेम्पो शिकायला घेतला तेव्हा मला चव्वेचाळिसावं लागलं होतं. त्याआधी वीसेक वर्षं मी त्या टेम्पोत बसले, पण डाव्या बाजूला. नाटे बंदरावर सकाळचा लिलाव आटपला की आमचे हे म्हावरं बर्फात भरायचे, राजापूरवरून लांज्याला गाडी आणायचे, आणि मी बाजारात पाट मांडून बसायची. मग ह्यांची साखर डोळ्यांत उतरली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बरंच काय काय समजावलं. ह्यांनी त्यातलं एकच ऐकलं, की आता गाडी चालवायची नाही. बाकीचं सगळं मी ऐकलं.

टेम्पो माडांखालच्या शेडमध्ये उभा राहिला. पहिले काही महिने हे रोज जाऊन इंजिन चालू करायचे, पाच मिनिटं बसायचे आणि बंद करून यायचे. मग बॅटरी उतरली आणि तेही थांबलं. पण जाणं थांबलं नाही. पडवीतून शेडमध्ये, शेडमधून बंदराच्या वाटेपर्यंत, तिथून परत पडवीत. अनवाणी. समोरचं माणूस त्यांना धुक्यातल्यासारखं दिसायचं, पण वाट पायांना पाठ होती. "जरा बसा हो एका जागी," म्हटलं की म्हणायचे, "बसून काय करू?" खरं तर बसवत मलाही नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत बंदरावर उभं राहायचं, ती कधी येणार, आपल्याला जागा मिळणार की नाही, ह्या विचारात माझी सकाळ जायची. मासा काही कुणासाठी थांबत नाही.

एक दिवस गाडीवाल्याने माझे दोन क्रेट बंदरावरच ठेवले. "आज जागा नाय गो ताय," म्हणाला आणि गेला. दहा वाजले, अकरा वाजले. बांगड्यांचे डोळे लाल व्हायला लागले. शेवटी ते डोक्यावर घेऊन घरी आणले, मीठ लावून खळ्यात वाळत घातले, आणि हात धुता धुता ह्यांना म्हटलं, "मी गाडी शिकते."

हे हसले नाहीत. म्हणाले, "क्लच कडक आहे आपला."

राजापूरला जाऊन शिकले, लायसन काढलं. लांज्याचा एक मिस्त्री होता, ह्यांच्या ओळखीचा, आमची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातची. एका रविवारी येऊन त्याने बॅटरी घातली, टाकीतलं जुनं डिझेल काढलं, ब्रेक बघितले. ऑइल बदलायचं तेवढं राहिलं, कारण फिल्टर त्याने आणला नव्हता. जाताना मला बजावून गेला, "वहिनी, इंजिनात जे आहे ते तीन वर्षं नुसतं बसलंय. ते काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. नवीन घाला, मग चालू करा."

"नवीन कशाला?" हे पडवीतून म्हणाले. "ऑइल घरात आहे."

होतं खरं. डोळे जायच्या थोडंसं आधी ह्यांनी पाच-पाच लिटरचे पाच कॅन एकदम आणून ठेवले होते. पडवीत भाताच्या पिंपामागे ते ओळीने उभे होते. चार सीलबंद. पाचवा फोडलेला, अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला. त्याचं झाकण तडकलं होतं, आणि त्यावर मीच कधीतरी प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने बांधली होती. अधूनमधून त्यातलंच थोडं मी दाराच्या बिजागऱ्यांना लावायची.

"फोडलेलं आधी संपव," हे म्हणाले.

"तीन वर्षं झाली त्याला. खारं वारं, चार पावसाळे. झाकण फुटलेलं."

"आण इकडे."

मी कॅन पुढे ठेवला. ह्यांनी दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली. गाडी हातात असताना ते असंच करायचे. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची सळई, ओढून तिच्यावरचा थेंब चोळून सांगायचे की अजून एक महिना जाईल, नाहीतर आजच बदलायला हवं. मिस्त्रीसुद्धा ते मानायचा.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"मला गढूळ वाटतंय."

"ऑइलला कसली मुदत? जमिनीखाली लाखो वर्षं पडलेलं असतं ते. तुझ्या पडवीत तीन वर्षांत नासलं होय?"

मी कॅन परत पिंपामागे ठेवला. डोळे गेल्यापासून घरातल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा शब्द शेवटचा राहिला नव्हता. गाडी तेवढी उरली होती. पण ती आता मी चालवणार होते. भर रस्त्यात, राजापूरच्या चढणीला इंजिन जॅम झालं तर मागे बर्फ वितळत बसणार होता माझा. दोन दिवस मी भांडी घासताना, मासे कापताना त्या कॅनकडेच बघत होते. एकदा वाटलं, गुपचूप सीलबंद फोडावा आणि ह्यांना सांगावं की तुमचंच घातलं. मग वाटलं, हात लावून ओळखतील आणि ते जास्त लागेल त्यांना.

तिसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन, उन्हात चांगली वाळवून, तिच्यात फोडलेल्यातलं थोडं घेतलं. एक सीलबंद कॅन पिशवीत घातला आणि एसटीने लांज्याला गेले. फिल्टर आणायला जाते, असं घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मिस्त्रीने आधी सीलबंद कॅन उलटा करून खालचा छाप वाचला.

"ह्याला काही झालेलं नाही. सील आहे, ऊन लागलेलं नाही, तर चार-पाच वर्षं सहज जातात. तुमची गाडी जुनी, ऑइलही तिच्याच प्रतीचं. आजच्या नव्या गाडीला हे चालेलच असं नाही, तुमच्या गाडीला चालेल. फक्त ओतायच्या आधी कॅन चांगला हलवा, खाली बसलेलं वर येऊ दे."

"आणि हे?"

त्याने बाटली दारातल्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. तळाशी रेघेसारखा साका होता आणि वरचं पातळ ताकासारखं धुरकटलेलं.

"फोडलेलं वर्षभरात वापरून टाकायचं असतं, वहिनी. दिवसा तापतं, रात्री निवतं, तेवढ्या फटीतून दमट हवा आत जाते आणि तिचं पाणी होतं. ह्यात पाणी आहे. हे इंजिनात घालू नका. बिजागऱ्यांना लावा नाहीतर कोयत्याला."

"ते मी घरी सांगितलं तर ऐकणार नाहीत. त्यांनी बोटाने बघितलंय."

मिस्त्री चकित झाला. "बोटाने बघून चांगलं म्हणाले? ते?"

"हो."

तो बाटलीचं झाकण लावत राहिला. मग म्हणाला, "तवा तापवा. एकेक थेंब टाका त्यावर. पाणी असेल तर तडतडतं. दिसत नसलं तर ऐकू दे त्यांना."

घरी आले ती दुपार होती. हे खळ्यात येरझारा घालत होते. मी परसात चूल पेटवली, भाकऱ्यांचा मोडीत काढलेला तवा शोधला आणि ह्यांना हाक मारली. काय करायचं ते सरळ सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. दगडावर येऊन बसले आणि म्हणाले, "तोंड लांब ठेव हां. उडेल."

आधी सीलबंद कॅन फोडला आणि त्यातला एक थेंब चमच्याने तव्यावर सोडला. थेंब पसरला, थोडा धूर झाला, आवाज काही नाही. तवा पुसला, जरा थांबले आणि बाटलीतला थेंब टाकला. मोहरी फुटावी तसं तडतडलं.

"परत टाक," हे म्हणाले.

परत टाकला. परत तडतडला.

"तवा ओला नव्हता ना?"

"नाही."

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा झालं तसे ते उठले आणि शेडकडे निघून गेले. मी चुलीतली लाकडं मागे ओढली. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. हे तिकडे काय करतायत, टेम्पोत बसलेत की नुसते उभे आहेत, जावं की जाऊ नये, असं होत होतं. तवा घासला. काही कारण नसताना पुन्हा घासला. शेवटी गेलेच.

ते बॉनेटला टेकून उभे होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून.

"बोटांना कळत नाही मला," ते म्हणाले. "सहा महिने झाले असतील. मिठाचा खडा धरला की वाळूचा, कळत नाही. वासावर सांगितलं मी तुला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? डोळे गेले, आता बोटंही गेली, म्हणून?"

मी त्यांचा हात धरला. चिमटा काढला. ते म्हणाले, "तू हात धरलायस एवढं कळतं." तेव्हा मला आठवलं, डॉक्टरांनी त्या वेळी सांगितलेलं मीच तर ऐकलं होतं. साखर हातापायांची जाणीव घेऊन जाते, पाय रोज बघत जा. पहिलं वर्षभर मी बघितलेही. मग बाजार, गाड्या, धावपळ, आणि ते राहिलंच.

"पाय दाखवा."

"पायाला काय झालंय?"

"दाखवा म्हणते ना."

टेम्पोच्या पायरीवर बसवून मी त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. धुळीने तळवा काळा झाला होता. पदराने पुसला. अंगठ्याच्या मागे, जिथे भार पडतो तिथे, रुपयाएवढी जखम होती. कडा पांढरट, मध्ये खोल, आणि आत जांभ्याचा एक खडा रुतून बसलेला. कितीतरी दिवस ते त्या खड्यावर चालत होते. आणि मला वाटत होतं की त्यांना नुसतं बसवत नाही.

खडा अलगद काढला. जखम उकळलेल्या पाण्याने धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. मग टेम्पोखाली घमेलं सरकवलं. नट कुठे आहे, पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे ह्यांनी पायरीवर बसल्या बसल्या सांगितलं. जुनं ऑइल डांबरासारखं काळं निघालं. फिल्टर हाताने घट्ट केला. सीलबंद कॅन ते स्वतः दोन्ही हातांनी धरून हलवत बसले, मी थांबा म्हणेपर्यंत. चावी फिरवली तेव्हा समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला, आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन सेकंदांत विझला, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचलं.

"विझला?" त्यांनी विचारलं.

"विझला."

"मग उद्या चल."

अशी माझी पहिली फेरी लांज्याला झालीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागे एकही क्रेट न घेता, ह्यांना डाव्या बाजूला बसवून, पावस गावावरून मी रत्नागिरीला निघाले. त्या रस्त्याची मला आठवण आहे ती फक्त त्या लाल दिव्याच्या जागेची. वळण आलं की रस्ता बघायची, सरळ लागलं की दिवा. तीनदा गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबले आणि डिपस्टिक ओढून बघितली. तिन्ही वेळा ऑइल खुणेवरच होतं. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "ऑइल ठीक आहे गो. तू माझ्या पायाला घाबरतेस." खरं होतं ते. पण पायाला डिपस्टिक नसते, मग बघायचं काय?

डॉक्टरांनी जखम साफ केली. हाड अजून बचावलंय असं म्हणाले, आणि आणखी आठ दिवस गेले असते तर अंगठा ठेवता आला नसता, असंही. ह्यांना दवाखान्यात सहा दिवस राहावं लागलं आणि नंतर दोन महिने पाय टेकायचा नाही. ते दोन महिने आमच्या घरात भयंकर गेले. चालायची बंदी झालेला माणूस खुर्चीतल्या खुर्चीत चालतो. पंखा बंद कर, लाव, रेडिओ दे, नको. मला मासे घेऊन जावंच लागायचं आणि जाताना जीव मागे राहायचा. बाजारात पाटावर बसले तरी दर तासाला फोन. "पाय खाली ठेवला नाहीत ना?" पलीकडून, "नाही," आणि मग विचारायचे, "चढणीला दुसऱ्या गिअरवर घेतलास ना? आवाज कसा होता?"

जखम भरली. खपली पडली त्या दिवशी मुंबईला असलेल्या आमच्या मुलीने मऊ तळाचे बूट पाठवले. अनवाणी जन्म गेलेला माणूस, आठ दिवस बूट पायात आहेत की नाहीत हे हात लावून बघत होता. फोडलेलं ऑइल मी कोयत्यांना, विळीला आणि फाटकाच्या कडीला लावून संपवत आणलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, बोटांतली जाणीव परत यायची शक्यता कमी, पण आहे ती राखता येईल. साखर आता आवरलेली आहे. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.

आता हे माझ्याबरोबर लांज्याला येतात. वाटेत मी गिअर उशिरा बदलला की दाराच्या पत्र्यावर थाप मारतात, आणि बाजारात मी पाट मांडला की शेजारी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना भाव सांगतात. माझ्यापेक्षा जास्तच सांगतात.